हळदीचे पेव आणि संगणकाची डिस्क : जुना संगणक देण्यापूर्वी तो खरोखर कसा पुसावा

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीसाठीची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि तेव्हापासून सांगली-मिरजेतील करसल्लागारांच्या कचेऱ्यांत, मार्केट यार्डातील अडत दुकानांत, पतसंस्थांत आणि घराघरांतही एक प्रश्न उभा राहिला आहे. चालू स्थितीतील, पण विंडोज ११ न स्वीकारणाऱ्या संगणकांचे करायचे काय? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि त्यातल्या त्यात अलीकडचा प्रोसेसर लागतो. २०१६ च्या आसपास घेतलेली यंत्रे सहसा या अटींत बसत नाहीत. मग कोणी असा संगणक गावाकडच्या शाळेला देतो, कोणी नवा घेताना दुकानदाराला बदल्यात देतो, तर कोणी भंगारवाल्याला किलोच्या भावाने घालतो. देण्यापूर्वीची खबरदारी म्हणून बहुतेक जण एकच वाक्य उच्चारतात : "फॉरमॅट मारून द्या." या वाक्याने डिस्कवर नेमके काय घडते आणि काय घडत नाही, हे समजले म्हणजे पुढची सगळी कामे सोपी होतात.

सांगलीलगतच्या हरिपूरची हळदीची पेवे जुन्या माणसांना आठवत असतील. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. जमिनीत खोल खड्डा खणायचा, त्यात हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करून टाकायचे, अशी ती पद्धत होती. आत हवा खेळत नसल्यामुळे कीड लागत नसे आणि माल वर्षानुवर्षे टिकत असे. वरून पाहणाऱ्याला नुसते रान दिसे. कोणत्या पेवात कोणाचा किती माल आहे, हे पेढीवरच्या दिवाणजींच्या वहीतून कळे. आता असे समजा की दिवाणजींनी वहीतल्या एका नोंदीवर काट मारली आणि शेजारी "पेव रिकामे" असे लिहिले. वहीपुरते ते पेव रिकामे झाले. नवा माल आला की तो तिथे भरायला दिवाणजी मोकळे झाले. पण खालची हळद जागची हललेली नाही. वही न वाचता कुदळ घेऊन रानात उतरणाऱ्या माणसाला ती जशीच्या तशी मिळेल.

संगणकातील फाइल "डिलीट" केली की घडते ते इतकेच. विंडोज डिस्कवर ज्या पद्धतीने मांडणी करते तिला एनटीएफएस म्हणतात आणि तिच्यात "मास्टर फाइल टेबल" नावाची एक वही असते. प्रत्येक फाइलचे नाव, तिचा आकार आणि ती डिस्कवर कोठे पडलेली आहे याची नोंद या वहीत असते. रिसायकल बिन रिकामा केल्यावर ही नोंद रद्द होते, ती जागा मोकळी म्हणून जाहीर होते, आणि हार्ड डिस्कवरचा मजकूर मात्र दुसऱ्या एखाद्या फाइलला ती जागा लागेपर्यंत तसाच राहतो. घरातल्या कमी वापराच्या संगणकावर ही वेळ कित्येक वर्षे येत नाही.

"क्विक फॉरमॅट" हा याच्या पुढचा टप्पा. त्यात एकेका नोंदीवर काट न मारता सगळी वहीच बाजूला करून नवी कोरी वही उघडली जाते. म्हणूनच पाचशे जीबीची डिस्क काही सेकंदांत "फॉरमॅट" होते. इतक्या वेळात पाचशे जीबी जागेवर काही लिहून होणे अशक्य आहे, एवढा साधा हिशेब केला तरी काय घडले असेल ते कळते. "क्विक" या चौकटीतली खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅट मात्र वेगळा असतो. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत तो डिस्कच्या संपूर्ण भागावर शून्ये लिहितो. त्याआधीच्या विंडोज एक्सपीमध्ये पूर्ण फॉरमॅटसुद्धा फक्त खराब जागा तपासत असे, मजकूर तसाच ठेवत असे. त्या काळात टाकून दिलेली यंत्रे आठवली की थोडे अस्वस्थ व्हायला होते.

कुदळ घेऊन उतरणाऱ्या माणसाला फार मोठ्या विद्येची गरज नसते. फोटोरेक हा संगणकावर चालवायचा कार्यक्रम (प्रोग्राम) मोफत मिळतो आणि तो वहीकडे पाहतच नाही. डिस्कच्या पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत तो चालत जातो आणि फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो. प्रत्येक पीडीएफ फाइल ठरावीक अक्षरांनी सुरू होते, प्रत्येक जेपीईजी छायाचित्राच्या आरंभी ठरावीक बाइट असतात. खूण सापडली की तिथून पुढचा मजकूर उचलून तो वेगळा ठेवतो. फाइलींची नावे मिळत नाहीत, पण फाइली मिळतात. अमेरिकेतील एमआयटीच्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट या दोघांनी २००० ते २००२ या काळात वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क बाजारातून विकत घेऊन तपासल्या होत्या. त्यांतील १२९ चालू निघाल्या आणि त्यांपैकी अवघ्या १२ नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांत मिळून पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक आणि वैद्यकीय कागदपत्रेही सापडली. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

परदेशातला जुना दाखला म्हणून तो सोडून द्यावा असे वाटत असेल, तर जवळचा अनुभव सांगतो. मिरज तालुक्यातील एका शाळेला एका कचेरीने तीन संगणक दिले आणि ते मांडून देण्याचे काम माझ्याकडे आले. तिन्ही "फॉरमॅट मारलेले" होते, नवी विंडोजही टाकलेली होती. उत्सुकतेपोटी एका डिस्कवर फोटोरेक चालवला. अर्ध्या तासातच पडद्यावर आधार कार्डांच्या छायाप्रती, सातबारा उतारे, बँकेची पासबुके आणि कोणाच्या तरी लग्नाचे फोटो येऊ लागले, तेव्हा काम थांबवून आधी तिन्ही डिस्क पुसून घेतल्या. कचेरीतल्या कोणाची नियत वाईट नव्हती. त्यांनी दुकानदाराला फॉरमॅट करायला सांगितले होते आणि दुकानदाराने तो केलाही होता.

पुसण्याआधी करायच्या गोष्टी

नीट पुसलेली डिस्क परत मिळत नाही. पद्धतीचा तो हेतूच आहे. त्यामुळे आधी जे ठेवायचे ते दोन ठिकाणी उतरवून घ्यावे, आणि उतरवलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. नुसती "कॉपी झाली" या संदेशावर विसंबू नये. व्यापाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे, कारण वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. टॅली या हिशेबाच्या कार्यक्रमाचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे दिवाणजींना ठाऊक असते, मालकाला बहुधा नसते. ते विचारून घ्यावे. टॅलीचा परवाना त्या यंत्राला जोडलेला असतो, म्हणून डिस्क पुसण्यापूर्वी कार्यक्रमातूनच तो "सरेंडर" करावा, म्हणजे नव्या संगणकावर तो विनासायास चालू करता येतो. अँटिव्हायरससारख्या इतर विकतच्या परवान्यांचेही तसेच.

त्यानंतर खात्यांतून बाहेर पडावे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, मेलची खाती, संगणकावर जोडलेले व्हॉट्सॲप आणि मायक्रोसॉफ्टचे खाते, या सगळ्यांतून "साइन आउट" करावे. मोबाइलवरच्या व्हॉट्सॲपमधील जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून आणि गुगल खात्यातील उपकरणांच्या यादीतूनही हा संगणक काढून टाकावा. डिस्क नीट पुसली तर हे अनावश्यक आहे, असे कोणी म्हणेल. पण एका पायरीत चूक झाली तरी दुसरी पायरी सावरून घेते, आणि याला दहा मिनिटेही लागत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन मागच्या यूएसबी खाचेत तसेच राहिलेले मी दोनदा पाहिले आहे. तेवढे आठवणीने काढावे.

आपल्या संगणकात कोणती डिस्क आहे

उपाय डिस्कच्या जातीवर अवलंबून असतो. जुनी हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय थर दिलेल्या, गरगर फिरणाऱ्या तबकड्या. एसएसडी म्हणजे फिरणारा कोणताही भाग नसलेल्या, पेन ड्राइव्हच्या जातीच्या चिपा. विंडोजच्या शोधपट्टीत "डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज" असे शोधले की उघडणाऱ्या खिडकीत प्रत्येक ड्राइव्हसमोर तिची जात लिहिलेली असते. आपल्याकडे बऱ्याच जुन्या संगणकांना मध्येच कधीतरी वेग वाढवण्यासाठी एसएसडी बसवलेली असते आणि जुनी हार्ड डिस्क दुसरी म्हणून आतच ठेवलेली असते. तेव्हा दोन्ही तपासाव्यात. मालकाला आठवत नसलेली ही दुसरी डिस्क हाच सगळ्यांत जास्त धोक्याचा भाग असतो.

हार्ड डिस्कचे काम सरळ आहे. पेवात आधीची हळद असेल तर तिथे मातीच भरून टाकायची, म्हणजेच प्रत्येक जागेवर शून्ये किंवा अर्थहीन आकडे लिहायचे. किती वेळा? या प्रश्नाभोवती एक दंतकथा गेली तीस वर्षे फिरते आहे. पीटर गटमन या संशोधकाने १९९६ मध्ये एक निबंध लिहून ३५ वेळा वेगवेगळ्या नमुन्यांनी लिहिण्याची पद्धत मांडली. त्या काळच्या निरनिराळ्या पद्धतींच्या डिस्कांना एकाच यादीत गाठता यावे म्हणून तो आकडा एवढा मोठा होता. कोणत्याही एका डिस्कला सगळे ३५ नमुने लागतच नव्हते, आणि आधुनिक डिस्कांवर तो सगळा खटाटोप निरर्थक आहे, असे स्वतः गटमननेच पुढे लिहिले. तरीही "३५ वेळा" हा पर्याय अनेक कार्यक्रमांत आजही दिसतो आणि जास्त वेळा म्हणजे जास्त सुरक्षित या समजुतीने लोक तो निवडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची, म्हणजे निस्टची, "८००-८८" या क्रमांकाची मार्गदर्शिका या विषयात सगळीकडे प्रमाण मानली जाते. तिच्यानुसारही आजच्या हार्ड डिस्कवर एकदाच पूर्णपणे वरून लिहिणे सर्वसाधारण गरजेला पुरेसे आहे.

एकदा लिहायलाही वेळ लागतोच. पाचशे जीबीची जुनी डिस्क सेकंदाला सरासरी ८० एमबी या गतीने लिहीत असेल, तर सुमारे पावणेदोन तास लागतील. तीच डिस्क बाहेर काढून जुन्या यूएसबी जोडणीवरून पुसायला घेतली तर चार तासांहून अधिक. वीज जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी हे काम यूपीएसवर ठेवावे. मध्येच बंद पडले तर डिस्क बिघडत नाही, पण काम पहिल्यापासून सुरू करावे. "बहुतेक झाले होते" या अंदाजावर सोडून देऊ नये.

विंडोजमध्ये यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. सेटिंग्जमधील "रिकव्हरी" या भागात "रीसेट धिस पीसी" हा पर्याय आहे. त्यात "रिमूव्ह एव्हरीथिंग" निवडल्यावर पुढच्या पडद्यावर "चेंज सेटिंग्ज" अशी बारीक अक्षरांतली एक ओळ दिसते, आणि खरी मेख तिथेच आहे. ती ओळ न उघडता पुढे गेल्यास फक्त फाइली काढल्या जातात. ती उघडून "क्लीन डेटा" हा पर्याय चालू केला तरच डिस्कवर वरून लिहिले जाते. आणि एकाहून अधिक ड्राइव्ह असतील तर सर्व ड्राइव्ह पुसण्याचा पर्यायही तिथेच चालू करावा लागतो, नाहीतर विंडोजचा ड्राइव्ह स्वच्छ होतो आणि सगळी कागदपत्रे ज्या "डी" ड्राइव्हवर ठेवलेली असतात तो तसाच राहतो. ही सोय घरगुती वापरासाठी आहे, शासकीय किंवा औद्योगिक मानकांची पूर्तता ती करत नाही, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. घरच्या संगणकाला ती पुरते असे माझे मत आहे. पतसंस्थेने किंवा दवाखान्याने तेवढ्यावर थांबू नये.

थोडे अधिक जाणणाऱ्यांसाठी "डिस्कपार्ट" ही आज्ञावली आहे. तिच्यात "क्लीन" ही आज्ञा फक्त विभागांचा तक्ता काढते, तर "क्लीन ऑल" ही आज्ञा संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते; एका शब्दाच्या फरकाने काम होते किंवा होत नाही. पण ही आज्ञा "खात्री आहे का" असे विचारत नाही. डिस्क निवडताना क्रमांक चुकला तर भलत्याच डिस्कवरचे सगळे जाईल, म्हणून बॅकअपची डिस्क आणि पेन ड्राइव्ह आधी काढून ठेवावेत आणि आकार पाहून डिस्क ओळखावी. लिनक्सवर आधारलेला, पेन ड्राइव्हवरून चालणारा श्रेडओएस हा कार्यक्रमही चांगला आहे. डीबॅन हे पूर्वीचे प्रसिद्ध नाव अनेकांना ठाऊक असते. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची आहे आणि एसएसडीसाठी तो बनवलेलाच नाही.

एसएसडी : मुकादमाची स्वतःची वही

एसएसडीच्या बाबतीत पेवाचा दाखला थोडा वाढवावा लागतो. इथे दिवाणजी आणि पेवे यांच्यामध्ये एक मुकादम उभा आहे. दिवाणजी म्हणतात, "हा माल सात नंबरच्या पेवात टाक." मुकादम मान डोलावतो, पण माल टाकतो त्याच्या सोयीच्या पेवात, आणि "सात नंबर म्हणजे खरे तर बावीसावे पेव" अशी नोंद आपल्या खासगी वहीत करतो. एसएसडीतला कंट्रोलर हेच करतो. तो हे लबाडीने करत नाही. चिपेतील प्रत्येक जागा ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येते, म्हणून सगळ्या जागा सारख्या झिजाव्यात यासाठी त्याला माल फिरवत ठेवावा लागतो. शिवाय त्याच्याकडे काही राखीव पेवे असतात, जी दिवाणजींच्या हिशेबात कधी येतच नाहीत.

परिणाम असा की "सात नंबरवर शून्ये लिही" असे सांगितले तर मुकादम शून्ये नव्या पेवात टाकतो, सात नंबरची पाटी तिकडे हलवतो आणि जुनी हळद "सवडीने काढू" म्हणून बाजूला ठेवतो. पुसण्याचा कार्यक्रम मात्र आनंदाने "शंभर टक्के पूर्ण" असे दाखवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये एसएसडी उघडून, चिपा थेट वाचून हे तपासले. एकेक फाइल पुसण्याची एकही पद्धत एसएसडीवर विश्वासार्ह ठरली नाही. आणि पूर्ण डिस्क पुसण्याची अंगभूत आज्ञा दिल्यावर एका डिस्कने काम झाल्याचे कळवले, पण तिच्यातला सगळा मजकूर शाबूत होता. त्यानंतर उत्पादन बरेच सुधारले आहे. तरी हार्ड डिस्कचा उपाय एसएसडीला लावू नये, हा त्यातला मुद्दा आजही तितकाच खरा आहे.

मग करायचे काय? मुकादमालाच थेट हुकूम द्यायचा. साटा जातीच्या एसएसडीत "सिक्युअर इरेज" आणि एनव्हीएमई जातीच्या एसएसडीत "फॉरमॅट" व "सॅनिटाइझ" अशा आज्ञा कंट्रोलरमध्येच असतात. त्या दिल्या की कंट्रोलर आपल्या राखीव जागांसह सगळे पुसतो, आणि तेही बहुधा काही सेकंदांत किंवा मिनिटांत. ही आज्ञा देण्यासाठी सॅमसंग, क्रुशियल, किंग्स्टन, वेस्टर्न डिजिटल यांसारख्या उत्पादकांचे मोफत कार्यक्रम मिळतात; डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या कार्यालयीन वापराच्या अनेक यंत्रांत संगणक सुरू होतानाच उघडणाऱ्या बायोसमध्ये ती सोय दिलेली असते.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यात मुकादमाच्या प्रामाणिकपणावर विसंबावे लागत नाही. तो म्हणजे एन्क्रिप्शन. डिस्कवर जे काही लिहिले जाते ते सांकेतिक रूपात लिहायचे आणि ते उलगडणारी किल्ली एका जागी ठेवायची. संगणक देताना ती किल्ली नष्ट झाली की मागे उरलेला सगळा मजकूर, राखीव पेवांतला सुद्धा, निरर्थक आकड्यांचा ढीग होतो. मोडीतली दप्तरे निदान जाणकाराला वाचता येतात. हे कोणालाच वाचता येत नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत याला बिटलॉकर म्हणतात, आणि पात्र यंत्रांवरील होम आवृत्तीत "डिव्हाइस एन्क्रिप्शन" या नावाने त्याचेच साधे रूप असते.

यात तीन बारकावे आहेत. बिटलॉकर चालू करताना तो "फक्त वापरलेली जागा" आणि "संपूर्ण ड्राइव्ह" असे दोन पर्याय देतो. जुन्या यंत्रावर नेहमी संपूर्ण ड्राइव्ह निवडावा, कारण आपण पूर्वी डिलीट केलेल्या फाइली "न वापरलेल्या" जागेतच पडून असतात. दुसरे, नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये काही नामांकित एसएसडींच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनमध्ये गंभीर उणिवा दाखवल्या होत्या, म्हणून डिस्कमधल्या अंगभूत सोयीवर न राहता विंडोजचेच एन्क्रिप्शन वापरावे. तिसरा बारकावा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : बिटलॉकरची परतीची किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा झालेली असते किंवा कोणी तिची छापील प्रत काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेली असते. संगणक दिल्यावर तीही काढून टाकावी. सर्वांत उत्तम म्हणजे नव्या संगणकावर पहिल्याच दिवशी एन्क्रिप्शन चालू करणे, कारण नंतर चालू केले तर त्यापूर्वीचा उघडा मजकूर मुकादमाच्या राखीव जागांत अडकून राहू शकतो. जुन्या एसएसडीसाठी म्हणून क्रम असा ठेवावा : आधी संपूर्ण ड्राइव्ह कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करावा, मग जमत असेल तर सिक्युअर इरेज, आणि शेवटी नवी विंडोज.

ॲपलचे अलीकडचे मॅक वापरणाऱ्यांना पुसण्यासाठी यातले काही करावे लागत नाही. टी२ ही सुरक्षा-चिप किंवा ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर असलेल्या यंत्रांत, मॅकओएस प्रणालीच्या २०२१ च्या मॉन्टेरे आवृत्तीपासून, "इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज" हा पर्याय किल्लीच नष्ट करतो.

पुरात भिजलेली आणि बंद पडलेली यंत्रे

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर दुकानांतून आणि कचेऱ्यांतून चिखलाने भरलेले संगणक रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडले होते आणि भंगारात गेले. २०२१ मध्ये पुन्हा तेच. "पाण्यात गेले म्हणजे संपले" अशी सगळ्यांची समजूत होती, आणि त्या दिवसांत कोणाला डिस्कचा विचार करायची सवड होती म्हणा. पण पाण्याने तबकड्यांवरचे चुंबकीय लिखाण पुसले जात नाही. विजेचा भाग जळतो, आत गाळ जातो, डिस्क सुरू होत नाही. तरीही डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळा अशाच तबकड्या स्वच्छ करून वाचतात. बंद पडलेला संगणक आणि बंद पडलेली डिस्क यांतही फरक आहे. मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय गेलेल्या यंत्रातली डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की बहुधा तात्काळ चालू होते.

चालूच न होणाऱ्या डिस्कवर काही लिहिता येत नाही, त्यामुळे ती फोडण्याला पर्याय नाही. कॅबिनेटमधून डिस्क काढायला चार स्क्रू पुरतात. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कमधील तबकड्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. ड्रिलने आरपार तीन-चार भोके पाडावीत. लॅपटॉपच्या लहान डिस्कांत त्या अनेकदा काचेच्या असतात आणि हातोड्याच्या घावाने चुरा होतात, म्हणून डिस्क जाड कापडात गुंडाळून आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच हे करावे. एसएसडीत मात्र भोक कुठे पडते याला महत्त्व आहे. पट्टीवरची प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, एक शाबूत राहिली तरी तिच्यातला मजकूर शाबूत राहू शकतो. फ्रिजवरचे लोहचुंबक डिस्कवर फिरवण्याचा उपाय हास्यास्पद आहे. हार्ड डिस्कच्या पोटातच त्याहून कितीतरी शक्तिशाली चुंबक असतात, आणि एसएसडीचा चुंबकाशी काही संबंधच नाही. डिस्क जाळू नये. धूर विषारी असतो.

चालू डिस्क मात्र फोडू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. भीतीपोटी डिस्क काढून घेतलेला संगणक शाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडतो, कारण नवी डिस्क बसवण्याएवढा खर्च कोणाच्या तरतुदीत नसतो. नीट पुसलेली डिस्क देणाऱ्यालाही सुरक्षित असते आणि घेणाऱ्यालाही उपयोगी पडते. विंडोज ११ न चालणाऱ्या यंत्रावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती टाकून दिली तर ते आणखी काही वर्षे मुलांच्या हाती राहू शकते.

जे खरोखर टाकायचेच आहे त्यासाठी ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्यांची व्यवस्था आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अशा केंद्रांची चौकशी करता येते. पण नोंदणीकृत केंद्राला दिले म्हणून पुसण्याची गरज संपत नाही. कचरा नीट हाताळणे आणि मजकूर गुप्त राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. ज्यांच्याकडे इतरांची माहिती असते त्यांच्यावर तर कायद्याचेही बंधन येत आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहितीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. एखाद्या पतसंस्थेला एवढा दंड होईल असे नाही, पण सभासदांच्या कर्ज-प्रकरणांच्या प्रती भंगारात सापडणे आता केवळ नामुष्कीपुरते राहिलेले नाही.

संगणकासारख्या न दिसणाऱ्या संगणकांनाही हेच लागू आहे. कचेरीतले मोठे झेरॉक्स यंत्र पुष्कळदा आतल्या हार्ड डिस्कवर कागदांच्या प्रतिमा साठवते. सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर म्हणजे तर एक डिस्कच. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांत सिक्युअर इरेजची सोय सहसा नसते आणि त्यांची किंमतही फारशी नसते, तेव्हा महत्त्वाचे काही असलेले कार्ड दान न करता तोडून टाकावे.

काम झाल्यावर तपासणी करावी, आणि ती शत्रूच्या नजरेने करावी. पुसलेल्या डिस्कवर आपणच फोटोरेक किंवा त्याच कामाचा रेकुव्हा हा कार्यक्रम चालवून पाहावा; एकही जुना फोटो किंवा पीडीएफ हाती लागता कामा नये. नव्या विंडोजच्या स्वतःच्या चित्रांच्या काही फाइली दिसतील, त्यांना घाबरू नये. कचेरीतले यंत्र असेल तर डिस्कचा अनुक्रमांक, पुसण्याची पद्धत, तारीख आणि करणाऱ्याची सही एवढे नोंदवहीत लिहून ठेवावे. शाळेला द्यायच्या यंत्रात नवी विंडोज टाकल्यावर देश आणि भाषा विचारणारा पहिला पडदा येईल, तिथेच ते बंद करावे. पुढचे नाव शाळेने घालावे.